आमसुली कोट

२००५ च्या नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी, डब्लिनच्या दक्षिणेकडील टॅला भागातल्या एका घरात स्पॅनिश चित्रपट पाहताना, त्या घरातल्या डॉक्टरला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत हे उघड झाले. त्या वेळी खोलीत पाच जण होते. डॉक्टर पॅथॉलॉजीत काम करत होता. शरीरातून काढलेल्या तुकड्यांचे पातळ काप रंगवून काचपट्टीवर ठेवतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखणे हे त्याचे रोजचे काम होते. त्याच विषयातल्या प्रशिक्षणाच्या जागेसाठी मार्चमध्ये त्याची मुलाखत होती. ती जागा मिळाली तर पुढची काही वर्षे निश्चित झाली असती. नाही मिळाली तर दर सहा महिन्यांनी नवा करार आणि बहुधा नवे गाव, हे तो आयर्लंडला आल्यापासून करतच आला होता.

डॉक्टर नागपूरचा. त्याची बायकोही नागपूरचीच, तिच्या वडिलांचे इतवारीत साड्यांचे दुकान. डॉक्टरची आई तीन महिन्यांसाठी आली होती; आम्ही त्यांना काकू म्हणत असू. उरलेले दोघे म्हणजे माझी बायको आणि मी. माझी बायको ग्रँड कॅनाल डॉकजवळ एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो आणि २००२ मध्ये तिच्या मागोमाग आलो. मला तिथे नोकरीची परवानगी नव्हती.

स्पॅनिश चित्रपट आम्ही ठरवून निवडले नव्हते. भारतीय किराणा दुकानात हिंदी चित्रपटांच्या डिस्क मिळत, पण त्या चित्रपटगृहात बसून चोरून चित्रित केलेल्या असत. ऐन मोक्याच्या प्रसंगात कोणीतरी उठून बाहेर जाई आणि नायिकेच्या तोंडावरून त्याचे डोके सरकत जाई. दोन-तीनदा असे झाल्यावर आम्ही टॅलातल्या व्हिडिओच्या दुकानात गेलो. तिथे परदेशी चित्रपटांचा एक कप्पा होता आणि त्यात निम्म्याहून अधिक स्पॅनिश. दुकानदार म्हणाला, इथली माणसे उन्हाळ्यात स्पेनला जातात, परत आली की पंधरा दिवस स्पॅनिश चित्रपट नेतात, मग पाऊस सुरू होतो आणि ती ताळ्यावर येतात. हिवाळ्यात तो कप्पा भरलेला असे. आम्ही महिन्यातून एका रविवारी, जेवण झाल्यावर, तिथून आणलेला एक चित्रपट पाहू लागलो.

आम्ही ज्या चित्रपटांवर वाढलो त्यांत हसण्याची आणि रडण्याची खाती वेगळी असतात. नायिका रडत असताना विनोदी नट पडद्यावर नसतो. तो आला की प्रेक्षकाने डोळे पुसून घ्यायचे, तो गेला की पुन्हा रुमाल काढायचा. या चित्रपटांत तशी वाटणी नव्हती. बाई नवऱ्याच्या आठवणीने ओक्साबोक्शी रडत असे, आणि रडता रडताच शेजारणीला सांगत असे की तुझे केस फार वाईट कापलेत. शेजारीण दुखावली जाई, मग दोघी मिळून रडत. कोण कशासाठी रडते आहे याचा हिशोब पाच मिनिटांत विस्कटून जाई. पहिल्या चित्रपटाच्या वेळी आम्ही एकमेकांकडे पाहून, हसायचे की नाही ते ठरवत होतो. तिसऱ्या-चौथ्याच्या वेळी एकमेकांकडे पाहणे सोडले.

दुसरी गोष्ट रंगांची. भिंत पिवळी, फरशी निळी, टेबलावर लाल टोमॅटो आणि बाईच्या अंगात आणखी निराळाच लाल. सुरुवातीला आम्हाला तो नुसता भडकपणा वाटला. माझ्या बायकोने ‘दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ’ अशी त्याची वासलात लावली. नंतर लक्षात आले की रंग माहिती देतात. कोण खोटे बोलते आहे, कोणाचे मन कोणाकडे झुकले आहे, कोण परत येणार आहे, हे आधी कोटावर, पडद्यावर, कानातल्यांत दिसते आणि पात्रे ते बरेच नंतर बोलतात. वृत्तपत्राच्या भाषेत सांगायचे तर मथळा रंगात असतो आणि मजकूर संवादात.

डॉक्टरचे मत वेगळे होते. त्याला विनोदी प्रसंग आवडत. रडारड त्याला पटत नसे.

“हा युअर मॅन रडतोय कशाला?” तो विचारी. “दोन मिनिटांपूर्वी तर ग्रँड होता.”

‘युअर मॅन’ हे डब्लिनचे बोलणे. ज्याचे नाव घ्यायचे नाही किंवा माहीत नाही अशा कोणत्याही माणसाला तिथे युअर मॅन म्हणतात. आणि जे काही ठीकठाक आहे ते सगळे ‘ग्रँड’. डॉक्टरला रुग्णालयात हे दोन्ही शब्द जडले होते. त्याच्या आईला युअर मॅन हे पात्राचे नाव वाटले होते. दुसऱ्या रविवारी तिने विचारले, “हा युअरमॅन मांगच्या बारीले बी होता ना? तवा तं मेला होता.”

तिला इंग्रजी वाचता येत असे, पण खालच्या ओळी सरकण्याच्या वेगाने नाही. म्हणून त्या ओळी मराठीत वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. लांब वाक्य आले की मी ते कापून छोटे करी. काकूंच्या ते लक्षात आले होते. “ती बाई येवढं बोलली आन तुम्ही दोनच शब्द सांगता. बाकीचे कुठी गेले?” मी सांगितले, काकू, जागा नव्हती. त्यावर त्या म्हणाल्या, “पेपरवाला तो पेपरवालाच.”

त्या रविवारी कढी, भात आणि वड्यांचा रस्सा असे जेवण होते. डॉक्टरच्या बायकोने ग्लास ‘प्रेसमध्ये’ असल्याचे सांगितले. कपाटाला तिथे प्रेस म्हणतात आणि ती आता तोच शब्द वापरू लागली होती. काकूंच्या लेखी प्रेस म्हणजे इस्त्री. माझ्या लेखी छापखाना. ग्लास सापडायला थोडा वेळ लागला. मग चित्रपट सुरू झाला.

चित्रपटात दोन बहिणी होत्या. थोरलीकडे आईने दिलेला गडद लाल कोट होता. धाकटीने हट्टाने तशाच घाटाचा दुसरा शिवून घेतला होता, पण तो शेवाळी. थोरलीचा नवरा काही वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. आई वारली त्या दिवशी तो माफी मागायला परत आला. शवपेटी इमारतीच्या लिफ्टमध्ये आडवी मावत नव्हती म्हणून ती उभी करून नेली गेली, आणि मधल्या मजल्यावर भाजीच्या पिशव्या घेऊन एक म्हातारी आत शिरली. तिने पेटीकडे पाहून कोणता मजला असे विचारले. इथे डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने हसला.

अंत्यविधीहून निघताना, घाईत, बहिणींच्या कोटांची अदलाबदल झाली. बाहेर पाऊस होता. दोघींनी छत्र्या उघडल्या, चेहरे दिसेनासे झाले. नवरा लाल कोटामागे बाजारातून चालत राहिला आणि पाठमोऱ्या बाईला त्याने सगळे सांगून टाकले: का गेलो, कुठे होतो, कोणाबरोबर होतो. ती वळली तेव्हा धाकटी होती. शेवाळी कोटातली थोरली शेजारच्याच टोमॅटोच्या गाड्यापाशी उभी होती. तिने सगळे ऐकले होते. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती विक्रेत्याला सांगत होती की हे टोमॅटो फार मऊ आहेत.

“थांबव जरा,” डॉक्टर म्हणाला. त्याच्या बायकोने चित्र थांबवले. “ही टोमॅटोवाली कोण? आणि ही का रडतेय?”

“थोरली आहे ती,” माझी बायको म्हणाली. “त्याची बायको.”

“मग तो जिच्याशी बोलला ती?”

“धाकटी. कोट बदललेत ना.”

“बदलून काय फरक पडला? दोघींचे कोट सारखेच आहेत.”

“सारखे कुठे? एक लाल आहे, एक शेवाळी.”

“वहिनी, काहीतरीच. दोन्ही आमसुली आहेत.”

सगळे हसले. मीही हसलो. डॉक्टरची बायको पण हसत होती, मग थांबली.

आमसुली हा शब्द त्याच्या तोंडी नेहमी असे. आमसुलाचा रंग लाल असतो, तपकिरीही असतो आणि जांभळ्याकडेही झुकतो, त्यामुळे त्यावर सहसा वाद होत नाही. माझ्या बायकोचा नवा स्वेटर त्याला आमसुली वाटला होता. आमच्या दाराचा रंगही. आम्ही ही त्याची गंमत करण्याची रीत समजत होतो.

“पाहायला आला होतास तेव्हा,” त्याची बायको म्हणाली, “माझ्या बाबांनी तुला विचारलं होतं, साडीचा रंग कोणता? आठवतं?”

“आठवतं ना. आमसुली म्हणालो.”

“मी बॉटल ग्रीन नेसले होते.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“बाबांना वाटलं मुलगा विनोदी आहे. साडीवाल्याची फिरकी घेतोय. म्हणून तर होकार दिला त्यांनी.”

ती उठली आणि आतून शिवणाचा डबा घेऊन आली. साड्यांना फॉल लावण्यासाठी तिच्याकडे बऱ्याच रंगांची रिळे होती. वडिलांच्या दुकानातून दर वर्षी नवी येत. तिने ती टेबलावर मांडली.

“यातलं हिरवं दे.”

“हा काय पोरखेळ आहे?”

“दे ना.”

त्याने जरा वेळ पाहिले आणि एक रीळ उचलून दिले. ते तपकिरी होते. तिने लाल मागितले, त्याने शेवाळी दिले. निळे आणि पिवळे त्याने लगेच दिले. मग तिने रंगाचे नाव न घेता दोन रिळे त्याच्यासमोर ठेवली, एक डाळिंबी आणि एक मेंदीच्या रंगाचे, आणि विचारले यांत फरक काय.

“हे जरा गडद आहे,” तो म्हणाला.

“काहून छळून राहिली वो त्याले?” काकू म्हणाल्या. “त्याचा मामा बी असाच होता.”

सगळ्यांनी काकूंकडे पाहिले. पडद्यावर टोमॅटोच्या गाड्यापाशी थोरली बहीण तशीच थांबलेली होती.

“कसा होता?” डॉक्टरने विचारले.

“असाच. काटोलले बगीचा होता, पन झाडावरचा संत्रा पिकला का नाई ते त्याले रंगावरून समजे नाई. हातानं दाबून पाहे, वास घे. त्याचं काय अडलं? चांगला संसार केला.”

“आणि माझं तुला माहीत होतं?”

“तू दुसरीत असताना झाडाचे पानं तपकिरी रंगवून आनले होते. पोरं हासले तुले. रडत आला घरी. मंग मीच सांगतलं, रंग नाई समजला तं आमसुली म्हन. त्याच्यावर कोनी भांडत नाई.”

“आई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे.”

“मले काय मालूम तू रंगाचंच काम घेशीन? मले वाटलं डॉक्टर म्हनजे सुई टोचतेत.”

माझी बायको हसली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला. मग डॉक्टरची बायको हसली. हसता हसता तिला रडू आले आणि ती रिळे डब्यात भरू लागली. काकूंनी तिच्या हातातून डबा घेतला. “तू बस. मी भरतो,” त्या म्हणाल्या. उरलेला चित्रपट त्या दिवशी पाहिला गेला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने मला बोलावले. टॅलाच्या खरेदी संकुलात चष्म्याचे एक दुकान होते. तिथे डोळे तपासून घ्यायचे होते आणि बायकोला इतक्यात सांगायचे नव्हते. स्वतःच्या रुग्णालयात तपासणी त्याला नको होती. जाताना ट्रामच्या थांब्यावरचा नकाशा त्याने मला दाखवला. डब्लिनची ट्राम आदल्या वर्षी सुरू झाली होती. तिचे दोन मार्ग होते, एक लाल आणि एक हिरवा. दोन्ही कुठेच एकमेकांना मिळत नव्हते. “म्हणून कधी घोटाळा झाला नाही,” तो म्हणाला. मग सांगितले की आजवर त्याची समजूत होती, त्याला रंगांची नावे येत नाहीत. साड्यांच्या दुकानातल्या माणसांना येतात, बायकांना येतात, आपल्याला येत नाहीत. दिसण्यात फरक असेल असे वाटले नव्हते.

दुकानातल्या तपासनिसाने ठिपक्यांच्या चित्रांचे पुस्तक उघडले. पहिल्या पानावरचा आकडा डॉक्टरने वाचला. तो सगळ्यांनाच वाचता येतो. पुढच्या पानावर तो थांबला.

“इथे काय दिसतं?”

“ठिपके.”

“आणि इथे?”

“ठिपकेच.”

मी त्याच्या मागे उभा होतो. मला आकडे दिसत होते. तपासनिसाने पुस्तक मिटले आणि हसत त्याच्या पाठीवर थाप मारली. “काही काळजी नाही. गाडी चालवायला तुम्ही ग्रँड आहात.”

“मी गाडीसाठी नव्हतो आलो,” डॉक्टर म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याने मला काम समजावून सांगितले. बहुतेक काचपट्ट्या गुलाबी आणि जांभळ्या रंगात असतात. ते दोन रंग त्याला गडद आणि फिकट असे दिसत, आणि पेशींचे आकार व मांडणी तर रंगांशिवायही दिसते. त्याच्या नोंदी चुकल्याची तक्रार कधी आली नव्हती. शिवाय त्याने पाहिलेली प्रत्येक पट्टी वरिष्ठ पुन्हा पाहत. पण काही तपासण्या निराळ्या होत्या. अवयवांत एक विशिष्ट प्रथिन साचते तेव्हा ते ओळखायला काप लाल रंगात बुडवतात आणि खास प्रकाशात पाहतात. प्रथिन असेल तर त्या जागी लाल जाऊन हिरवी चमक येते. पुस्तकात तसेच लिहिलेले असते: सफरचंदी हिरवी.

“तुला काय दिसतं?”

“चमक. ती हिरवी आहे हे मी वाचलं होतं, म्हणून हिरवी म्हणत होतो.”

मुलाखतीला तीन महिन्यांहून थोडा जास्त वेळ होता. घरी त्या दोघांचे काय बोलणे झाले ते सगळे मला माहीत नाही. एक संभाषण आमच्या स्वयंपाकघरात झाले. ती म्हणत होती, आधीच सांग. तो म्हणत होता, कोणी विचारलेच नाही तर?

“नेमणुकीआधी डोळे तपासतात ना?”

“बहुतेक चार्टवर अक्षरं वाचायला लावतात. रंगांचं काही नसतं.”

“म्हणजे सुटलास?”

“मी तसं म्हणालो का?”

“दुसरं काय म्हणालास मग?”

“चार वर्षं गाठोडं बांधून हिंडतोय. आधी ॲथलोन, मग आणखी कुठे. तुलाच कंटाळा आला होता ना? सांगितलं आणि जागा गेली तर पुन्हा बांधाबांध. तेव्हा मला म्हणू नकोस.”

“म्हणेन. पण सांग.”

माझ्या बायकोने चहा ठेवला होता. तिने कोणाला किती साखर ते विचारले. दोघांनी एकदम उत्तर दिले आणि पुन्हा भांडू लागले.

डिसेंबरच्या रविवारी आम्ही तोच चित्रपट पुन्हा आणला, कारण तो अर्धा राहिला होता. डॉक्टरने मला सांगितले की ओळींबरोबर रंगही वाच. मी वाचू लागलो. लाल कोट. शेवाळी कोट. हिरवी भिंत. लाल पडदा. थोरली आता लाल कप धुते आहे. काकूंनी थोडा वेळ ऐकून घेतले. “क्रिकेटची कॉमेंट्री लावली का बाप्पा?” त्या म्हणाल्या. पण डॉक्टर थांबू देत नव्हता. बाजारातला प्रसंग त्याने दोनदा पाहिला.

त्या दुपारी त्याने एक गोष्ट सांगितली. त्याला या चित्रपटांतली माणसे विनाकारण रडतात असे वाटे, कारण रडण्याचे कारण रंगात सांगितलेले असे आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. त्याला रडणे तेवढे दिसे. विनोद मात्र पोहोचत असे. उभी शवपेटी आणि भाजीची पिशवी कोणत्याही रंगात उभीच असते. पण आता कोटांची अदलाबदल कळल्यावर बाजारातला प्रसंग त्याला विनोदीही वाटला आणि वाईटही वाटले, आणि यांतले आधी काय वाटले ते सांगता येत नव्हते. मी एवढेच सांगितले की आम्हालाही सांगता आले नव्हते. शेवटी थोरली तो लाल कोट नवऱ्याच्या अंगावर फेकते आणि दार लावून घेते. तो कोट घालून पाहतो. बाह्या आखूड पडतात. काकूंना हा शेवट अजिबात आवडला नाही. “घरात तं घ्याचं होतं मानसाले,” त्या म्हणाल्या. “थंडी किती हाय.”

काकू जानेवारीत नागपूरला परतल्या. विमानतळावर त्यांनी सुनेला बाजूला घेतले आणि विचारले की पोराला मुलगा झाला तर त्याला हे होईल का. सुनेने सांगितले की मुलाला बापाकडून येत नाही, आईकडून येते, आणि पुढे ते मुलीमार्फत जाऊ शकते. काकू म्हणाल्या, “म्हनजे माह्याकडून आलं.” सून म्हणाली, “हो.” एवढेच बोलणे झाले. सुनेने ते नंतर आम्हाला सांगितले.

फेब्रुवारीत डॉक्टर विभागप्रमुखांकडे गेला. पुढचे मी पाहिलेले नाही. त्याने सांगितले तसे देतो. विभागप्रमुख निवृत्तीला आलेल्या बाई होत्या. त्यांनी त्याचे ऐकून घेतले आणि किती जणांना माहीत आहे असे विचारले. त्याने सांगितले, घरच्यांना आणि चित्रपट पाहणाऱ्यांना. कोणता चित्रपट, असे त्यांनी विचारले आणि त्याला कोटांची सगळी गोष्ट सांगावी लागली. लिफ्टमधल्या प्रसंगाला त्या हसल्या. मग त्यांनी कपाटातून जुन्या काचपट्ट्या काढल्या, वरच्या नोंदी झाकल्या आणि एकेक त्याच्यापुढे ठेवली. गुलाबी-जांभळ्या पट्ट्या त्याने बरोबर सांगितल्या. लाल-हिरव्या तपासणीच्या पट्ट्यांत तो अडला. काही बरोबर आल्या, काही चुकल्या, आणि कोणत्या बरोबर आल्या हे त्याला स्वतःला सांगता येत नव्हते. बाई म्हणाल्या की चुकण्यापेक्षा ही गोष्ट त्यांना जास्त महत्त्वाची वाटते.

त्यांनी त्याला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. या दोषामुळे काम करता येत नाही असा नियम त्यांच्या माहितीत नव्हता. असे डॉक्टर त्यांनी पाहिले होते. आणि मुलाखत घेणाऱ्यांना हे कळले पाहिजे. त्या स्वतः सांगू शकत होत्या, पण त्याने सांगितलेले बरे.

मुलाखत मार्चमध्ये झाली. त्याने बसल्याबरोबर सांगितले. समितीतल्या एकाने विचारले की मग तुम्ही काय पाहता. त्याने उत्तर दिले: आकार, मांडणी, गडद आणि फिकट. दुसऱ्याने विचारले की हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे. त्याने नोव्हेंबर असे सांगितले. मग नेहमीचे प्रश्न झाले. बाहेर आल्यावर त्याने बायकोला फोन केला आणि त्यानंतर मला. मी कसे झाले ते विचारले. “ग्रँड” हा शब्द त्याने वापरला नाही, एवढे मला आठवते. तो म्हणाला, “सांगितलं.”

एप्रिलमध्ये कळवण्यात आले की तो राखीव यादीत आहे. पहिल्या यादीतल्या कोणी जागा सोडली तरच त्याला बोलावणे येणार होते. तोपर्यंत त्याने पश्चिमेकडच्या एका रुग्णालयात सहा महिन्यांच्या करारासाठी अर्ज केला होता आणि तो मंजूरही झाला होता. त्याच्या बायकोने खोकी आणून ठेवली. मे महिन्याच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा दूरचित्रवाणी संच भिंतीवरून काढलेला होता, म्हणून चित्रपट झाला नाही. चौघे खोक्यांवर बसून जेवलो. तिने एकदाही तक्रार केली नाही. त्याने दोनदा विचारले, काही म्हणायचे आहे का. ती म्हणाली, भात वाढू का.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विभागप्रमुखांचा फोन आला. पहिल्या यादीतली एक उमेदवार ऑस्ट्रेलियाला जाणार होती. जागा त्याला दिली जात होती, एका अटीवर: लाल-हिरव्या तपासणीच्या आणि तशाच आणखी काही काचपट्ट्यांचा त्याचा अहवाल दुसऱ्या डॉक्टरने पाहून सही केल्याशिवाय बाहेर जाणार नाही. प्रशिक्षण संपल्यावरही ही अट राहील का, हे तेव्हा ठरलेले नव्हते. त्याने अट मान्य केली आणि पश्चिमेकडच्या रुग्णालयाला नकार कळवला.

२००६ च्या जुलैत तो रुजू झाला. २००७ च्या ऑगस्टमध्ये माझ्या बायकोची बदली झाली आणि आम्ही पुण्याला परतलो. तेव्हा तो प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षात होता, टॅलातल्या त्याच घरात राहत होता आणि त्या काचपट्ट्यांच्या अहवालांवर दोन सह्या होत होत्या.